पोटाच्या आजाराचं नाव सापडेपर्यंत: माझ्या रक्ततपासण्यांचे अकरा महिने

मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात माझं पोट बिघडलं. शाळेला सुट्टी, घरात आंबे-फणस, त्यामुळे कुणालाच त्यात विशेष काही वाटलं नाही. सासूबाईंनी दोन दिवस पेज आणि लोणचं दिलं, थोडं बरं वाटलं. जूनमध्ये शाळा सुरू झाली, पाऊस लागला, आणि पोट काही ताळ्यावर येईना. दिवसातून चार-पाच वेळा जावं लागायचं. जेवल्यावर तासाभराने उजव्या बाजूला, खाली, पिळवटून दुखायचं. संध्याकाळी अंग किंचित गरम व्हायचं.

मी गोव्यात, म्हार्दोळजवळच्या एका गावात राहते आणि सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा एकशिक्षकी. रजा टाकायची म्हणजे बदली शिक्षिका मिळेपर्यंत पंधरा मुलांचं काय, हा प्रश्न. म्हणून दुखणं अंगावर काढलं. ते काढायला नको होतं.

त्या दिवसांत रात्री सगळे झोपले की मी मोबाइलवर एकच गोष्ट शोधायचे: आतड्याला काय झालंय ते नुसत्या रक्तावरून कळतं का? मराठीत कुणी सांगितलेला अनुभव मला सापडला नाही. म्हणून तारखा, खर्च आणि माझ्या चुकांसकट लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. इथले आकडे माझ्या शरीराचे आहेत, तुमचे वेगळे असतील.

१८ जूनला गावातल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शौचाची साधी तपासणी केली, जंताचं औषध आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांत फरक पडला नाही आणि वजन ५४ वरून ५० किलोवर आलं, तेव्हा ते म्हणाले, “आता गोळ्या बदलत बसण्यात अर्थ नाही. रक्त बघूया.” ९ जुलैला फोंड्यात रक्त दिलं, खर्च ९५० रुपये. हिमोग्लोबिन ९.४. ईएसआर, म्हणजे जळजळ असली की वाढणारा एक आकडा, ५८. सीआरपी ३८, आणि शेजारी छापलेलं ‘सामान्य: ५ पेक्षा कमी’.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात कुठेही जळजळ किंवा जंतुसंसर्ग झाला की ते काही तासांत रक्तात वाढायला लागतं. कुठे झालंय, कशामुळे झालंय, हे ते सांगत नाही. डॉक्टरांनी मला एवढंच समजावलं: नुसतं पोट नाजूक असण्याचा त्रास असता तर हा आकडा सहसा वाढला नसता, आत काहीतरी खरंच सुजलंय. त्यांनी लगेच पणजीतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी दिली. त्या चिठ्ठीबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन. आणखी महिनाभर गोळ्या देत राहणं त्यांना सोपं होतं.

२२ जुलैला पणजीला गेलो. म्हार्दोळच्या थांब्यावर सकाळी सातची बस धरली आणि तरी आमचा नंबर आला साडेअकराला. तपासणी फी ८०० रुपये. डॉक्टरांनी आधी पोट दाबून पाहिलं, मग एक प्रश्न विचारला जो आधी कुणी विचारला नव्हता: “दुखण्यासाठी कुठल्या गोळ्या घेता?” गुडघ्यासाठी मी आठवड्यातून तीन-चार वेदनाशामक गोळ्या घेत होते. त्यांनी त्या त्याच दिवशी बंद करायला सांगितल्या. अशा गोळ्यांनीसुद्धा आतड्याला जखमा होऊ शकतात आणि तपासण्यांचे आकडे फसवू शकतात. तुम्ही जे काही घेता, काढे-चूर्णांसकट, ते एका कागदावर लिहून न्या.

दुसरी गोष्ट गव्हाची. माझ्या जावेने सांगितलं म्हणून दहा दिवसांपूर्वी मी चपाती आणि पाव सोडला होता. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की मुलगा उंडे (गोल पाव) घेऊन यायचा आणि मी भातावर राहायचे. डॉक्टर म्हणाले, आजपासून पुन्हा खा. सीलिअ‍ॅक नावाच्या आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर खराब होतं आणि त्याची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) रक्तात सापडतात. पण गहू बराच काळ बंद असेल तर ती हळूहळू कमी होतात आणि आजार असूनही तपासणी निर्दोष येऊ शकते. दहा दिवसांत फार बिघडलेलं नसणार, पण महिनोन् महिने गहू सोडून मग तपासायला येणारेही असतात, त्यांना तो पुन्हा काही आठवडे खाऊनच तपासणी करावी लागते. कुणाचंही ऐकून गहू सोडायचा असेल तर आधी रक्त द्या, मग सोडा.

त्यांनी लिहून दिलेली यादी अशी होती: रक्तगणना, सीआरपी, अल्ब्युमिन, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, लोह आणि फेरिटिन, बी-१२, सीलिअ‍ॅकसाठी टीटीजी-आयजीए आणि त्याच्याबरोबर एकूण आयजीए. शिवाय शौचातलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतडं सुजलं की वाढणारं प्रथिन. एकूण आयजीए कशाला, असं मी विचारलं, कारण त्याचे वेगळे ६०० रुपये होते. आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार, आणि टीटीजी-आयजीए ही तपासणी त्याच प्रकारातली प्रतिपिंडं शोधते. काही माणसांच्या शरीरात जन्मतःच आयजीए कमी तयार होतं. अशा माणसाला सीलिअ‍ॅक असला तरी टीटीजी-आयजीए निर्दोष दिसतं. एकूण आयजीए व्यवस्थित असेल तरच त्या निकालावर विसंबता येतं. पैसे वाचवायला ही तपासणी गाळू नका.

२४ जुलैला एका खासगी केंद्रात रक्त दिलं. नस सापडेना, तीनदा टोचलं, सिरिंज जोरात ओढली. दुसऱ्या दिवशी फोन आला: नमुना बाद झालाय, पुन्हा या. मला रडूच आलं. पण २७ तारखेला गेले तेव्हा तिथल्या वयस्क तंत्रज्ञ बाईंनी मला आत बोलावून जे दाखवलं, त्यामुळे पुढचं सगळं समजायला मदत झाली.

सीरम म्हणजे काय ते मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. पिवळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात आणि अर्धा तास तसंच उभं ठेवतात. ते गोठतं. मग नळी यंत्रात गरगर फिरवतात. गोठलेला लाल भाग तळाला बसतो, मधे जेलचा पांढरट थर येतो आणि वर राहतो गवताच्या काडीच्या रंगाचा स्वच्छ द्रव. तोच सीरम. प्रतिपिंडं, अल्ब्युमिन, सीआरपी, फेरिटिन, सगळं त्या बोटभर पाण्यात. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून रसायन असतं, ती रक्तगणनेसाठी, तिच्यातून सीरम मिळत नाही. माझ्या आधीच्या नमुन्यात लाल पेशी फुटल्या होत्या आणि सीरम गुलाबी झालं होतं. पेशींच्या आतलं सगळं बाहेर सांडल्यावर आकडे खोटे येतात, म्हणून प्रामाणिक प्रयोगशाळा असा नमुना परत करते. “नमुना बाद केला म्हणून रागावू नका, तपासून खोटा आकडा दिला असता तर रागवा,” असं त्या बाई म्हणाल्या.

त्यांच्याकडून शिकलेल्या दोन-तीन गोष्टी: आदल्या दिवशी भरपूर पाणी प्यावं म्हणजे नस फुगते. मूठ पुन्हा पुन्हा उघड-मीट करू नये. आदल्या रात्री तळलेलं, तुपकट जेवू नये, त्याने सीरम गढूळ होऊ शकतं. लोह तपासायचं असेल तर सकाळीच जावं आणि लोहाच्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारावं. आणि नळीवर आपलं नाव आपल्यासमोर चिकटवताना बघावं.

५ ऑगस्टला सगळे अहवाल हातात आले. एकूण खर्च ५,८०० रुपये, त्यातले २,३०० एकट्या कॅलप्रोटेक्टिनचे. टीटीजी निर्दोष, एकूण आयजीए व्यवस्थित, म्हणजे सीलिअ‍ॅकची शक्यता मागे पडली. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, २.९, कमी. बी-१२ १६८, कमी. कॅलप्रोटेक्टिन ६१२, जे ५० च्या आत असायला हवं होतं. फेरिटिन मात्र ४८, छापलेल्या मर्यादेत. मी ते बघून खूश झाले: लोह तरी ठीक आहे.

डॉक्टरांनी तो आनंद टिकू दिला नाही, पण समजावलं शांतपणे. फेरिटिन हे लोहाचं कोठार दाखवतं, पण शरीरात जळजळ असली की ते आपोआपही वाढतं. त्यामुळे सीआरपी चढलेलं असताना ४८ हा आकडा पुरेसं लोह दाखवत नाही. माझं ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे लोह वाहून नेणारं प्रथिन लोहाने कितपत भरलंय तो आकडा, ९ टक्के होतं, तेही कमीच. एकाच नळीतल्या दोन आकड्यांना एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय अर्थ लागत नाही हे मला तेव्हा कळलं. बी-१२ ची गोष्ट तर मला विलक्षण वाटली. हे जीवनसत्त्व शोषलं जातं लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात, जिथे ते मोठ्या आतड्याला मिळतं. माझं दुखायचं नेमकं तिथे. आमच्या घरी मासळीशिवाय जेवण होत नाही, तरीही बी-१२ कमी. डॉक्टरांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं आणि उजव्या कोपऱ्यात गोल केला. “रक्त सगळं इथे बोट दाखवतंय,” ते म्हणाले. “पण काय आहे ते आत जाऊनच पाहायला हवं.” म्हणजे कोलोनोस्कोपी, दुर्बिणीने आतडं आतून पाहणं, आणि तिथला तुकडा काढून तपासणं.

त्यांनी २७ ऑगस्टची तारीख दिली. मी ती पुढे ढकलली. ७ सप्टेंबरला चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी होती. घराची सफाई, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळं-पानांची सजावट), नेवऱ्या (करंज्या), पाहुणे, सगळं माझ्याशिवाय कसं होणार असं मला वाटलं. झालं काय, तर चवथीच्या दुसऱ्या दिवशी मी पंचखाद्याचं ताट हातात घेऊन उभी असताना घेरी येऊन बसले. वजन ४६ वर आलं होतं. ते तीन आठवडे मला परत मिळाले तर मी ते नक्की वेगळे घालवीन. घरच्या बाईचं दुखणं सण संपेपर्यंत थांबत नाही, आणि हे मी घरच्यांना नाही, स्वतःलाच सांगायला हवं होतं.

१७ सप्टेंबरला कोलोनोस्कोपी झाली, पणजीतल्या एका खासगी इस्पितळात. तपासणी आणि भूल मिळून ११,००० रुपये, तुकड्यांच्या तपासणीचे वेगळे ३,२००. तयारीचं पातळ औषध दोन लिटर पिणं हा त्यातला सगळ्यात कठीण भाग. आदल्या दिवशी फक्त पारदर्शक पातळ पदार्थ: शहाळ्याचं पाणी, पेजेवरचं गाळलेलं पाणी, साखर-मीठ-लिंबू. कोकमाचं सरबत चालत नाही हे आधी विचारून घेतलं म्हणून बरं. लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसू शकतो. सोलकढीचा तर प्रश्नच नाही. प्रत्यक्ष तपासणीत काही दुखलं नाही. झोप लागली आणि जाग आली तेव्हा नवरा शेजारी बसला होता. कुंडईच्या कारखान्यातली रात्रपाळी करून तो तसाच आला होता.

लहान आतड्याच्या टोकाला आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला जखमा सापडल्या. डॉक्टरांनी दोन नावं घेतली: क्रोन, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारा आजार, आणि आतड्याचा क्षय (टीबी). दोन्ही याच जागी बसतात, दोन्हींत जखमा होतात, दोन्हींत ताप, वजन घटणं, रक्त कमी होणं. तुकडे दोन ठिकाणी पाठवले: काही सूक्ष्मदर्शकाखाली बघायला, काही क्षयाच्या जंतूंसाठी, तिथे जलद जनुकीय तपासणी आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं. कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत लागतात, कारण हा जंतू फार सावकाश वाढतो.

आता माझी मोठी चूक. घरी आल्यावर दोन नावं डोक्यात घोळत होती. मी वाचलं की क्रोन ओळखायला अ‍ॅस्का आणि पी-अँका नावाच्या रक्ततपासण्या असतात. डॉक्टरांनी त्या लिहिल्या नव्हत्या. १९ सप्टेंबरला मी त्यांना न विचारता प्रयोगशाळेत जाऊन दोन्ही दिल्या. नमुना मुंबईला जाणार होता, खर्च ५,४००. २८ तारखेला अहवाल मोबाइलवर आला: अ‍ॅस्का पॉझिटिव्ह, पी-अँका निगेटिव्ह. मी वाचलेल्या तक्त्याप्रमाणे हा सरळसरळ क्रोन होता. जन्मभराचा आजार. मुलगा आठवीत. त्या रात्री मी मागच्या पडवीत बसून पहाटेपर्यंत विचार करत राहिले की त्याची दहावी होईपर्यंत माझी तब्येत साथ देईल का.

३० तारखेला डॉक्टरांपुढे अहवाल ठेवला. ते रागावले नाहीत. त्यांनी जे सांगितलं ते मी शक्य तितकं जसंच्या तसं लिहिते. अ‍ॅस्का म्हणजे एका यीस्टविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं, आणि ते यीस्ट म्हणजे पाव फुगवायला वापरतात तेच. याचा अर्थ पावाने आजार झाला असा नाही. आतड्याचं अस्तर सुजून कमकुवत झालं की आतल्या वस्तूंशी शरीराच्या संरक्षणव्यवस्थेची गाठ पडते आणि तिची खूण रक्तात राहते. क्रोनमध्ये ही खूण बऱ्याच रुग्णांत दिसते, पी-अँका जास्त करून अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणाऱ्या आजारात. युरोप-अमेरिकेत, जिथे क्षय कमी आहे, तिथे या दोन खुणांवरून क्रोन आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस वेगळे करायला थोडी मदत होते. पण आपल्याकडे प्रश्नच वेगळा असतो: क्रोन की क्षय? आणि आतड्याच्या क्षयातही अ‍ॅस्का पॉझिटिव्ह येतं. भारतात झालेल्या अभ्यासांत या दोघांत फरक करायला ते कामी आलेलं नाही. “म्हणून मी लिहिलं नव्हतं,” ते म्हणाले.

रक्त आतड्यातली आग दाखवतं, ती किती आहे सांगतं, कुठल्या भागात असावी याचा अंदाज देतं, काही आजार बाजूला काढतं. आगीचं नाव सांगायला मात्र ते एकटं पुरत नाही. माझे ५,४०० रुपये गेले त्याचं दुःख नाही. ती एक रात्र गेली, तिचं आहे.

दरम्यान तुकड्यांचा अहवाल आला होता: ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींच्या बारीक गाठी, आहेत, पण क्षयात दिसणारा पेशींचा चुरा नाही. म्हणजे पुन्हा दोन्ही शक्यता. जनुकीय तपासणी निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, आतड्याच्या क्षयात जंतू थोडे असतात, निगेटिव्ह आलं म्हणून क्षय नाही असं म्हणता येत नाही. १ ऑक्टोबरला सीटी स्कॅन, ८,५०० रुपये. त्याआधी सीरम क्रिएटिनिन लागतं, कारण शिरेतून देतात ते औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. माझं जुलैचं होतं, पण फार जुनं म्हणून पुन्हा करावं लागलं, १५० रुपये आणि एक फेरी. सीटीची तारीख घेतानाच हे विचारा. सीटीत आतड्याजवळच्या गाठी वाढलेल्या दिसल्या. छातीचा एक्स-रे स्वच्छ.

मग निर्णय. क्रोन समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली आणि निघाला क्षय, तर तो अंगभर पसरू शकतो. क्षय समजून औषधं दिली आणि निघाला क्रोन, तर दोन महिने उशीर होतो, पण तेवढा धोका नाही. म्हणून आधी क्षयाची औषधं, आणि दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहायचं. “तुम्हाला बरं वाटतंय एवढ्यावर मी थांबणार नाही,” डॉक्टरांनी बजावलं. क्रोनच्या रुग्णालाही या औषधांवर सुरुवातीला बरं वाटू शकतं. जखमा भरल्या पाहिजेत आणि सीआरपी उतरलं पाहिजे.

क्षयाची औषधं सरकारकडून मोफत मिळतात. त्यासाठी आमच्या भागातल्या सरकारी आरोग्य केंद्रात नोंदणी केली. सोबत आधार कार्ड, बँकेचं पासबुक, तज्ज्ञांची चिठ्ठी, तुकड्यांचा अहवाल, एक्स-रे यांच्या दोन-दोन झेरॉक्स. तिथे एचआयव्ही आणि साखर तपासतात, ती क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद होऊन एक क्रमांक मिळतो. तो फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पोषणासाठी खात्यात पैसे येतात, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला ५०० वरून १,००० रुपये झाली. माझं खातं आधारशी जोडलेलं नव्हतं, ते जोडायला बँकेत दोन चकरा झाल्या. नोंदणीच्या आधीच हे करून घ्या.

१४ ऑक्टोबरला, सोमवारी, पहिल्या गोळ्या घेतल्या. ४६ किलो वजनाला रोज तीन, चार औषधं एकत्र असलेल्या, सोबत बी-६. लघवी केशरी होते हे आधीच सांगितलं होतं म्हणून दचकले नाही. डोळ्यांना रंग वेगळे दिसले, कावीळ वाटली, तर त्याच दिवशी यायचं अशी ताकीद होती. पंधरा दिवसांनी यकृताची तपासणी: एसजीपीटी ६२, थोडं वर. औषध थांबवलं नाही, पण आठवड्याने पुन्हा पाहिलं, ४४.

औषधांपेक्षा मला जड गेलं ते शाळेत सांगणं. क्षय म्हटलं की लोक चार पावलं मागे सरतात, आणि माझ्या वर्गात सहा-सात वर्षांची मुलं. आतड्याचा क्षय, फुप्फुसं स्वच्छ असताना, श्वासातून पसरत नाही. डॉक्टरांनी हे स्पष्ट लिहून दिलं आणि ते पत्र मी भागशिक्षणाधिकाऱ्यांना नेऊन दिलं. पालकांच्या बैठकीत मीच सांगितलं, कुणी पाठीमागे बोलण्याआधी. एका आईने मुलाला चार दिवस पाठवलं नाही. पाचव्या दिवशी ती स्वतः आली, माझ्यासाठी गावठी कोंबडीची सहा अंडी घेऊन. आरोग्य केंद्रातली ताई घरी येऊन सगळ्यांना खोकला-ताप आहे का विचारून गेली. सासूबाईंनी तिला चहा केला आणि तिच्याकडून माझ्या गोळ्यांचं वेळापत्रक पाठ करून घेतलं. त्यानंतर एकही दिवस मला आठवण करावी लागली नाही, आठ वाजता वाटीत गोळ्या समोर.

नोव्हेंबरच्या मध्यावर आणखी एक गोंधळ झाला. सीआरपी जवळच्या दुसऱ्या केंद्रात केलं आणि आकडा आला १.६. मी आनंदाने नवऱ्याला कारखान्यात फोन केला. अहवाल पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आलं: आधीचा आकडा मिलीग्रॅम प्रति लिटर होता, हा मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर. म्हणजे खरं १६. ३८ वरून १६ हीही चांगलीच उतरण होती, पण त्या क्षणी ती हिरमुसून टाकणारी वाटली. एका तपासणीसाठी एकच प्रयोगशाळा धरा, आणि आकड्याबरोबर एककही वहीत उतरवा. कल्चर त्याच आठवड्यात आलं: जंतू वाढले नाहीत. पुन्हा ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही.

१६ डिसेंबरला नेहमीच्या ठिकाणी रक्त दिलं, १७ ला दुसरी कोलोनोस्कोपी. पुन्हा तेच दोन लिटर, पुन्हा ११,०००. सीआरपी ४.२. अल्ब्युमिन ३.७. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी दोन्ही वेळचे फोटो शेजारी-शेजारी धरले. सप्टेंबरच्या फोटोत पांढुरक्या तळाच्या खोल जखमा. डिसेंबरच्या फोटोत गुलाबी अस्तर आणि दोन फिकट व्रण. त्यांनी कागदावर क्रोन शब्दावर काट मारली. नवरा काही बोलला नाही, फक्त तो फोटो बराच वेळ हातात धरून बसला.

पुढचे चार महिने तीन औषधांची गोळी. पोट शांत झालं, शिगम्यात मी रोमटामेळ (ढोल-ताशांची मिरवणूक) बघायला रात्री अकरापर्यंत रस्त्यावर उभी राहू शकले. पोषणाचे पहिले ३,००० रुपये फेब्रुवारीत खात्यात आले, त्याची अंडी, दूध आणि शेंगदाणे आणले. गोळ्या संपल्या एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात.

शेवटचं रक्त १५ एप्रिलला दिलं, त्याच वयस्क बाईंकडे. त्यांनी नळी फिरवून झाल्यावर न सांगताच मला आत बोलावलं आणि उजेडात धरून दाखवली. वर स्वच्छ, काडीच्या रंगाचा द्रव. संध्याकाळी आकडे आले: हिमोग्लोबिन ११.९, सीआरपी ३, अल्ब्युमिन ४.१, बी-१२ इंजेक्शनांमुळे ४१०. वजन ५१ किलो. आरोग्य केंद्रात निक्षयच्या नोंदीत उपचार पूर्ण असं लिहिलं गेलं. बी-१२ आपलं आपण शोषलं जातंय का ते पाहायला इंजेक्शनं तेव्हा थांबवली. पुढचं रक्त ऑक्टोबर २०२५ मध्ये द्यायचं ठरलं.